शस्त्रक्रियेला पैसे आहेत, गोळ्यांना नाहीत

महाराष्ट्रात किडनी प्रत्यारोपणाची बातमी साधारण दोन वेळा छापून येते. मेंदूमृत माणसाच्या घरच्यांनी अवयवदानाला होकार दिला आणि ग्रीन कॉरिडॉर करून किडनी दुसऱ्या शहरात पोचवली, तेव्हा. किंवा एखाद्या रुग्णालयाने शंभरावं, पाचशेवं प्रत्यारोपण पार पाडलं, तेव्हा. ज्याला किडनी बसवली तो माणूस पाच वर्षांनी कामावर जातोय की पुन्हा डायलिसिसवर गेलाय, याची बातमी कधी होत नाही. तुम्हा-आम्हाला वाचता येईल अशी त्याची जाहीर नोंदही कुठे सापडत नाही.

देशात २०१३ साली सगळ्या अवयवांची मिळून ५ हजारांच्या आत प्रत्यारोपणं झाली होती. २०२३ साली ती १८ हजारांच्या पुढे गेली आणि त्यातली १३ हजारांहून जास्त किडनीची होती. या वाढीमागे डॉक्टर, समन्वयक, समाजसेवक आणि दुःखाच्या क्षणी होकार देणारी शेकडो कुटुंबं आहेत. त्यांचं मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण शस्त्रक्रिया ही या उपचाराची सुरुवात आहे, आणि आपला सरकारी पैसा, आपले कायदे, आपलं कौतुक हे सगळं त्या सुरुवातीपाशीच थांबतं. माझी मागणी सरळ आहे. प्रत्यारोपण झालेल्या प्रत्येक माणसाला रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारणं, रोखणाऱ्या गोळ्या आणि त्यासाठी लागणाऱ्या तपासण्या सरकारने आयुष्यभर मोफत द्याव्यात, आणि त्या त्याच्या जिल्ह्यात द्याव्यात.

गोळ्यांवर एवढा भर का, ते आधी सांगायला हवं. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं. ते टिकलं, कारण देणारा आणि घेणारा हुबेहूब जुळे भाऊ होते. घेणाऱ्याच्या शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही. एवढं नशीब बाकी कुणाच्या वाट्याला येत नाही. सख्ख्या आईची किडनी असली तरी मुलाचं शरीर तिला परकं मानतं आणि पंधरा वर्षं झाली तरी मानतच राहतं. १९८० च्या दशकात शरीराचा हा विरोध दाबून ठेवणारं सायक्लोस्पोरिन हे औषध आलं, पुढे जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून टॅक्रोलिमस मिळालं, आणि प्रत्यारोपण हा खऱ्या अर्थाने भरवशाचा उपचार झाला. आज बहुतेक रुग्ण टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, या तीन औषधांवर जगतात. टॅक्रोलिमस बारा-बारा तासांनी, शक्यतो उपाशीपोटी, वेळ न चुकवता. यातून सुट्टी नाही. सणाला नाही, लग्नकार्यात नाही, पगार लांबला तरी नाही.

या गोळ्यांमुळे पहिल्या वर्षीचे निकाल आता उत्तम आहेत. चांगल्या केंद्रांत शंभरातल्या नव्वदहून जास्त किडन्या वर्षभरानंतर व्यवस्थित चालू असतात. गळती त्यानंतर सुरू होते. दहा वर्षांच्या टप्प्यावर हे प्रमाण पुष्कळच खाली आलेलं असतं, आणि त्या घसरणीची कारणं शस्त्रक्रियागृहात सापडत नाहीत. ती घरात, मेडिकलच्या काउंटरवर, गावच्या दवाखान्यात आणि एसटीच्या वेळापत्रकात असतात.

पहिलं कारण पैसा. या तीन औषधांचा, रक्तदाबाच्या आणि इतर गोळ्यांचा मिळून महिन्याचा खर्च सात-आठ हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत जातो. त्यात टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी तपासायची, म्हणजे रुग्णांच्या भाषेत ‘लेव्हल काढायची’, तर प्रत्येक वेळी दीड-दोन हजार वेगळे. हा माणूस बहुतेक वेळा दोन-तीन वर्षं डायलिसिस करून आलेला असतो. त्यात नोकरी गेलेली असते किंवा धंदा बसलेला असतो, शस्त्रक्रियेसाठी रान विकलेलं नाहीतर दागिने मोडलेले असतात, ट्रस्टांकडे अर्ज करून झालेले असतात. पहिल्या वर्षी नातेवाईक हात देतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मदत आटते, कारण माणूस आता बरा दिसतो. स्टेरॉइडमुळे गाल भरलेले असतात, तो चालतो-फिरतो, लघवी व्यवस्थित होते. मग घरातलंच कुणीतरी विचारतं, आता तू ठणठणीत आहेस, तर एवढ्या गोळ्या कशाला?

मग ताणाताण सुरू होते. दोनच्या जागी एक कॅप्सूल घ्यायची. रात्रीची सोडून द्यायची. पंधरा दिवसांच्या पाकिटावर महिना काढायचा. यातला घात असा की त्या महिन्यात काहीच होत नाही. दुखत नाही, ताप येत नाही. शरीर दात्याच्या पेशींविरुद्ध हळूहळू अँटिबॉडी बनवत राहतं, किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या निकामी होत जातात, आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात साठणारा घटक, नजरेत भरण्याएवढं वाढेपर्यंत बराच भाग कायमचा गेलेला असतो. गोळ्या पुन्हा नियमित सुरू केल्या तरी तो भाग परत येत नाही.

अशा वेळी सरकार कुठे असतं? शस्त्रक्रियेच्या वेळी असतं. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली आणि पुढे महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झालेली आपली योजना किडनी प्रत्यारोपणाचा खर्च उचलते. त्यासाठीची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये केली. हे चांगलंच झालं. किडनी निकामी झाल्यावरही सरकार असतं. २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळू लागलं. हेही चांगलं. मधल्या वर्षांचं काय? राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात गरीब रुग्णांच्या या औषधांसाठी महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे, पण ती दारिद्र्यरेषेखालच्यांपुरती, आणि बहुसंख्य प्रत्यारोपणं होतात खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांत. लातूरच्या शाळेतल्या शिपायाला, कणकवलीच्या रिक्षावाल्याला, पिवळं रेशनकार्ड नसलेल्या पण महिन्याला दहा हजार औषधांवर घालू न शकणाऱ्या माणसाला तिचा आधार नाही. किडनी बसवायला सरकारी पैसा आहे, ती गेल्यावर यंत्राला जोडून ठेवायला आहे. चालू किडनी चालू ठेवायला मात्र अशा माणसासाठी सरकारपाशी काही नाही.

हीच चूक अमेरिकेने करून पाहिली. तिथे १९७२ च्या कायद्याने किडनी निकामी झालेल्या जवळजवळ प्रत्येकाचा खर्च मेडिकेअर ही सरकारी योजना उचलू लागली. पण प्रत्यारोपण झालेला माणूस पासष्टच्या आतला असेल आणि अपंग ठरत नसेल, तर ३६ महिन्यांनी त्याचं संरक्षण संपायचं आणि त्याबरोबर गोळ्यांचे पैसेही. तीन वर्षं पूर्ण झाली की लोक गोळ्या कमी करायचे, किडनी जायची, आणि तीच मेडिकेअर त्यांना पुन्हा दाखल करून घेऊन गोळ्यांच्या कितीतरी पट खर्चाच्या डायलिसिसचं बिल भरायची. डॉक्टर आणि रुग्णांच्या संघटना अनेक वर्षं हे ओरडून सांगत होत्या. अखेर डिसेंबर २०२० मध्ये कायदा बदलला आणि १ जानेवारी २०२३ पासून गोळ्यांपुरतं का होईना, संरक्षण कायम झालं. एवढ्या श्रीमंत देशाला हे उमगायला इतकी वर्षं लागली. त्यांचा अनुभव समोर असताना आपण तीच वाट पुन्हा चालण्यात काहीच अर्थ नाही.

श्रीमंत देशांची उदाहरणं आपल्याला लागू नाहीत, असं कुणी म्हणेल. मग कराचीकडे बघा. तिथली सिंध इन्स्टिट्यूट ऑफ यूरॉलॉजी अँड ट्रान्सप्लांटेशन ही संस्था डॉ. अदीबुल हसन रिझवी यांनी एका सरकारी रुग्णालयातल्या छोट्याशा वॉर्डातून उभी केली. सरकारी अनुदान आणि लोकांच्या देणग्या यांवर ती चालते. तिथे प्रत्यारोपण मोफत होतं आणि त्यानंतरच्या गोळ्या, तपासण्या, तब्येतीची देखरेख आयुष्यभर मोफत मिळते. किडनी बसवायची तर तिला आयुष्यभर सांभाळण्याची जबाबदारी घ्यायची, हे तिथे पहिल्यापासून धरलेलं तत्त्व आहे. आपल्याहून तंग खजिना असलेल्या देशात हे चालू शकतं.

आता हिशेब मांडू. डायलिसिसच्या एका फेरीचा खर्च हजार ते दीड हजार धरला आणि आठवड्याला तीन फेऱ्या धरल्या, तर महिन्याचे तेरा ते वीस हजार होतात. त्यात इंजेक्शनं आणि येण्या-जाण्याचा खर्च धरलेला नाही, माणसाचे आणि सोबत येणाऱ्याचे बुडालेले दिवसही नाहीत. टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि भारतातल्या अनेक कंपन्या ती बनवतात. राज्याने एकत्र निविदा काढून घेतली तर छापील किमतीच्या बऱ्याच खाली मिळतील. तमिळनाडूचं वैद्यकीय सेवा महामंडळ १९९० च्या दशकापासून अशीच एकगठ्ठा खरेदी करून औषधं स्वस्तात मिळवत आलं आहे. म्हणजे केवळ तिजोरीचा विचार केला तरी गोळ्या देणं परवडतं. शिवाय किडनी गेलेला माणूस पुन्हा प्रतीक्षायादीत येतो, आणि एकदा प्रत्यारोपण झालेल्याच्या रक्तात अँटिबॉडी वाढलेल्या असल्यामुळे त्याला दुसऱ्यांदा जुळणारी किडनी मिळणं फार कठीण असतं. एक किडनी पाच वर्षं जास्त टिकवली, तर यादीतल्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर तेवढा लवकर लागतो.

पण नुसत्या गोळ्या देऊन भागणार नाही. माझ्या मावसभावाचं प्रत्यारोपण झालेलं आहे आणि त्याच्याबरोबर ओपीडीच्या बाकावर बसून मी जे पाहत आलो, त्यावरून मला वाटतं की अंतर हा पैशाइतकाच मोठा शत्रू आहे. लेव्हलचंच घ्या. टॅक्रोलिमसची पातळी मोजायची ती आदल्या रात्रीच्या गोळीला बारा तास झाल्यावर, सकाळची गोळी घेण्याच्या आधी. रात्री नऊला घेतली असेल तर सकाळी नऊला रक्त द्यायचं आणि मग गोळी घ्यायची. शहरात राहणाऱ्याला हे सोपं आहे. लांबच्या तालुक्यातून पहाटेच्या एसटीने निघालेला माणूस मात्र गोळीची वेळ चुकू नये म्हणून गाडीतच बाटलीतल्या पाण्याबरोबर ती घेऊन टाकतो. वेळ पाळायची, हेच तर त्याच्या मनावर ठसवलेलं असतं. अकरा वाजता रक्त घेतलं जातं, तेव्हा औषध रक्तात शिगेला पोचलेलं असतं. रिपोर्ट येतो, लेव्हल खूप जास्त. गर्दीच्या ओपीडीत ‘सकाळची गोळी घेतली होती का’ हा प्रश्न विचारायचा राहून गेला, तर डोस कमी होतो. प्रत्यक्षात पातळी बरोबर होती. आता ती खरोखर कमी पडणार. माणूस सगळं नीट पाळून घरी जातो आणि दोन-तीन महिन्यांनी त्याचं क्रिएटिनिन चढलेलं असतं.

टॅक्रोलिमसचा स्वभावच असा नाजूक आहे. कमी पडलं तर रिजेक्शन, जास्त झालं तर तेच औषध किडनीला मारतं, हात थरथरतात, साखर वाढते. ज्याला कधी मधुमेह नव्हता त्यालाही प्रत्यारोपणानंतर तो जडतो, आणि आपल्या लोकांत मधुमेहाचा कल मुळातच जास्त. मेडिकलवाल्याने एका कंपनीच्या कॅप्सूल संपल्या म्हणून दुसऱ्या कंपनीच्या दिल्या, तर पुन्हा लेव्हल बघावी लागते. ग्रेपफ्रूटसारखंच पपनसही या औषधाची पातळी वाढवू शकतं. कोकणात गणपतीच्या दिवसांत घरोघरी पपनस सोललं जातं, आणि डिस्चार्जच्या कागदावर ग्रेपफ्रूट खाऊ नका असं छापलेलं असलं, तर वाचणाऱ्याला आपल्या परसातल्या झाडाशी त्याचा संबंध असेल हे कळायचं कसं? जुलाब झाले की या औषधाची पातळी वाढते, कमी होत नाही. भल्याभल्यांना हे उलटं वाटतं. गावच्या डॉक्टरकडे गेलं की सलाइन लागतं, अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकची सुई मिळते, आणि ती सुई कोरड्या पडलेल्या किडनीवर पहिला घाव घालते. घसा दुखतो म्हणून दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीसाठी दिलेलं फ्लुकोनाझोल टॅक्रोलिमसची पातळी वर चढवतात. त्या डॉक्टरचा यात हेतू वाईट नसतो. त्याने अख्ख्या कारकिर्दीत प्रत्यारोपणाचे एक-दोनच रुग्ण पाहिलेले असतात. १.८ क्रिएटिनिन बघून तो म्हणतो, फार नाही. ज्याचं वर्षभर १.१ राहिलं आहे, त्याच्यासाठी १.८ म्हणजे त्याच दिवशी धावायची वेळ आहे.

यातला सर्वांत गंभीर प्रश्न क्षयरोगाचा. प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेल्या माणसाला आपल्या देशात क्षयरोग होण्याची शक्यता सर्वसामान्य माणसाच्या कितीतरी पट असते. खोकला, बारीक ताप, वजन उतरणं. तो जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, निदान होतं आणि राष्ट्रीय कार्यक्रमातल्या एकत्रित गोळ्या सुरू होतात. त्या गोळीत रिफाम्पिसिन असतं. रिफाम्पिसिन यकृतातली एन्झाइम एवढी जोरात चालवतं की टॅक्रोलिमस रक्तात टिकतच नाही. नेहमीचा डोस पुरत नाही, तो दुप्पट-चौपट करूनही पातळी गाठणं अवघड जातं. म्हणून प्रत्यारोपणाचे डॉक्टर शक्य तिथे रिफाम्पिसिन टाळून दुसरी औषधं योजतात, किंवा वरचेवर लेव्हल बघत डोस वाढवतात. रिफाम्पिसिन बंद झाल्यावर टॅक्रोलिमसची पातळी उसळी मारते, तेव्हा पुन्हा डोस उतरवावा लागतो. आरोग्य केंद्रातला कर्मचारी त्याच्या पुस्तकाप्रमाणे अगदी बरोबर वागलेला असतो. क्षयरोग बरा होतो आणि किडनी जाते. दोन सरकारी कार्यक्रम एकमेकांशी बोलत नाहीत, याची ही किंमत आहे, आणि एका फोनने ती टळू शकते. क्षयरोगाच्या नोंदणीत ‘अवयव प्रत्यारोपण झालं आहे का’ हा रकाना सक्तीचा हवा आणि त्याचं उत्तर हो असेल तर औषध सुरू करण्याआधी प्रत्यारोपण केंद्राला विचारणं बंधनकारक हवं. याला एक रुपयाही लागत नाही.

आयुष्यभराच्या गोळ्या, नाजूक तपासण्या, दूरदूर पसरलेले रुग्ण, हे आपल्याला झेपणार का? आपण ते आधीच करून दाखवलं आहे. १ एप्रिल २००४ रोजी एचआयव्हीच्या रुग्णांना मोफत औषधं देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. तेव्हाही हेच प्रश्न विचारले जात होते. गरीब, अशिक्षित माणूस रोज वेळेवर गोळी घेईल का? एवढा खर्च कुठून आणायचा? आज देशात १५ लाखांहून जास्त लोक ती औषधं घेत आहेत. जिल्हा रुग्णालयात ही औषधं देणारं एआरटी केंद्र, तालुक्याच्या पातळीवर लिंक केंद्र, दर महिन्याला गोळ्या मोजून घेणारा आणि देणारा औषधनिर्माता, कानगोष्टी ऐकून घेणारा समुपदेशक, तारीख चुकली की फोन करणारा आणि गरज पडली तर घरी जाणारा कार्यकर्ता. व्हायरल लोडसाठी, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण मोजण्यासाठी, रक्ताचे नमुने दूरच्या प्रयोगशाळेत जातात आणि रिपोर्ट केंद्रावर येतो. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला हवं आहे ते नेमकं हेच, आणि संख्येने हे रुग्ण त्यांच्या तुलनेत अगदी थोडे आहेत.

टॅक्रोलिमसच्या तपासणीचं रक्त नीट थंड ठेवलं तर प्रवासात टिकतं. सिरोंचाच्या माणसाने साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे नागपूरला जाण्याऐवजी सकाळी नऊला अहेरीत किंवा गडचिरोलीत रक्त द्यावं, तिथेच गोळी घ्यावी आणि नमुना नागपूरला जावा. रिपोर्टवर निर्णय नागपूरचे तज्ज्ञ घेतील आणि जिल्हा रुग्णालयातल्या फिजिशियनला कळवतील. ई-संजीवनीसारखी, दुरून वैद्यकीय सल्ला देणारी सरकारी सेवा त्यासाठी हाताशी आहे. नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीतज्ज्ञ, प्रत्येक जिल्ह्यात मिळणार नाहीत हे खरं आहे, आणि म्हणूनच सगळी देखरेख नेफ्रॉलॉजिस्टच्या ओपीडीत बांधून ठेवणं चुकीचं आहे. एक प्रशिक्षित परिचारिका, एक औषधनिर्माता आणि भिंतीवर ‘ही औषधं देऊ नका’ असा एक तक्ता, एवढ्याने अर्धं काम होईल. गोव्यात तर अंतरंही लहान आहेत. काणकोण असो की पेडणे, बांबोळीच्या गोमेकॉला, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, दोन तासांत पोचता येतं. गोवा ही व्यवस्था वर्षभरात उभी करू शकेल.

डॉक्टर मंडळींकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते: रुग्ण बेफिकीर आहेत. काही असतात. पण ज्याला आपण बेफिकिरी म्हणतो तिच्या आत डोकावलं तर बहुतेकदा खिसा रिकामा असतो, कुठे भीती असते, कुठे लाज. सतरा-अठरा वर्षांची मुलगी स्टेरॉइडने सुजलेला चेहरा आणि चेहऱ्यावरची लव घेऊन कॉलेजात जाते. तिने चार महिने गुपचूप गोळी टाळली तर तिला बेजबाबदार म्हणून मोकळं होणं सोपं आहे. किशोरवय आणि विशीच्या सुरुवातीची वर्षं किडनी गमावण्याच्या दृष्टीने सगळ्यांत धोक्याची असतात, हे जगभर दिसून आलेलं आहे, आणि नेमक्या त्याच वयात मुलांच्या विभागातून मोठ्यांच्या विभागात फाइल हलते. ओळखीचे डॉक्टर सुटतात. तिथे कुणीतरी तिच्याशी बोलायला हवं. अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीने प्रत्येक प्रत्यारोपण केंद्रात समन्वयक असणं कायद्याने बंधनकारक केलं. त्या माणसाचा जवळजवळ सगळा वेळ कागदपत्रं, परवानगी समिती आणि नातेवाइकांची समजूत यांत जातो. प्रत्यारोपणानंतरच्या रुग्णांसाठी वेगळा समन्वयक, ज्याच्याकडे दर आठवड्याला ‘कोण आला नाही’ याची यादी असेल, असं पद नियमांत यायला हवं.

आणि देणाऱ्याचं काय? आपल्याकडे बहुतेक किडन्या जिवंत दात्यांच्या असतात, आणि त्या दात्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त. माझ्या मावशीने मुलाला किडनी दिली. शस्त्रक्रियेच्या आधी तिच्या इतक्या तपासण्या झाल्या की आयुष्यात तेवढ्या झाल्या नव्हत्या. टाके निघाले आणि तिची फाइल बंद झाली. मावसभावाच्या गोळ्यांचे वार, लेव्हलच्या तारखा घरात सगळ्यांना पाठ आहेत. मावशीचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला, हे कुणाला सांगता येईना. मी विचारलं तर म्हणाली, “मला काय धाड भरलीय? त्याचं बघा.” एका किडनीवर निरोगी माणूस व्यवस्थित जगतो, दात्याला असलेला धोका थोडा आहे, हे खरंच. पण थोडा आहे म्हणजे नाही असं नव्हे. वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन, एवढं बघितलं तरी पुढचा बिघाड वेळेत सापडतो. प्रत्यारोपणाचा निकाल चांगला की वाईट हे ठरवताना तिचीही प्रकृती मोजली पाहिजे. जिल्ह्यातलं केंद्र झालं तर तिथे मुलाबरोबर आईचंही कार्ड निघायला हवं, आणि आईने टाळलं तर तिलाही फोन जायला हवा.

हे सगळं केलं तरी सुधारणा झाली की नाही हे कळणार कसं? इथे मला रुग्णालयांशी भांडावंसं वाटतं. अमेरिकेत प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राचे एक आणि तीन वर्षांचे निकाल ठरावीक काळाने जाहीर होतात आणि कुणालाही वाचता येतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची नोंदवही कित्येक दशकं चालू आहे. ब्रिटनमध्येही केंद्रवार आकडे प्रसिद्ध होतात. आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय समन्वय केंद्रांकडून वाटप झालेल्या अवयवांचे आकडे कळतात. त्यांतले किती टिकले, ते कळत नाही. काही डॉक्टर म्हणतात, निकाल जाहीर केले तर रुग्णालयं अवघड रुग्ण घेणार नाहीत. ही भीती खोटी नाही. म्हणून आकडे देताना रुग्णाचं वय, मधुमेह, दाता जिवंत की मृत, दुसरं प्रत्यारोपण की पहिलं, हे लक्षात घेऊन तुलना करावी लागते. त्याची पद्धत सिद्ध झालेली आहे. जनतेच्या पैशातून साडेचार लाख घेणाऱ्या रुग्णालयाने एक, पाच आणि दहा वर्षांनी ‘रुग्ण जिवंत आहे का, किडनी चालू आहे का, दाता कसा आहे’ या तीन प्रश्नांची उत्तरं द्यावीत, एवढी अट योजनेत घालायला कोणता कायदा आडवा येतो?

सगळ्यांत वजनदार आक्षेप शेवटी घेतो. ग्रामीण रुग्णालयांत साधी औषधं संपलेली असतात, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण वेळेवर सापडत नाहीत म्हणून किडन्या निकामी होतात. मग काही हजार लोकांच्या महागड्या गोळ्यांवर पैसा का घालायचा? प्रतिबंधावर जास्त खर्च व्हायलाच हवा, त्यावर वाद नाही. पण ज्या माणसाला आपण शस्त्रक्रिया देऊन या वाटेवर आणलं आहे, त्याच्या बाबतीत निवड आता ‘खर्च की बचत’ अशी उरलेली नाही. गोळ्या नाही दिल्या तर डायलिसिस द्यावं लागेल, आणि ते महाग आहे. शिवाय मी सांगतोय त्यातला बराच भाग पैशाचा नाहीच. क्षयरोगाच्या अर्जातला रकाना, मराठीत लिहिलेला आणि पपनसाचं नाव असलेला डिस्चार्जचा कागद, लेव्हलच्या दिवशी ‘सकाळची गोळी खिशात ठेवून या’ असा आदल्या संध्याकाळचा संदेश, एआरटी केंद्राच्या शेजारच्या खोलीत या रुग्णांसाठी आठवड्यातून एक दिवस. औषधखरेदीचं काम राज्याच्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे आहे. पुढच्या दरकरारात ही तीन औषधं प्रत्यारोपण झालेल्या नोंदणीकृत रुग्णांच्या संख्येएवढी धरली, की सुरुवात होते. रुग्णांची नावं विभागीय केंद्रांकडे आणि फुले योजनेच्या दाव्यांमध्ये आजच नोंदलेली आहेत, त्यासाठी नवं सर्वेक्षणही लागणार नाही.